सर्व्हर रूमला कुलूप लावायचं का?

एका वाचक बाईंचं पत्र आहे. तीनेकशे माणसांच्या संस्थेत त्या आयटी विभाग सांभाळतात. हाताखाली चार जण. संस्थेची स्वतःची सर्व्हर रूम आहे. सर्व्हर जुने झाले आहेत, आणि ज्या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरवर (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) सगळा डोलारा उभा आहे त्याचं लायसन्स नऊ महिन्यांत संपतंय. नव्या कोटेशनचा आकडा जुन्याच्या कित्येक पट. संचालक एका परिषदेहून परतले ते 'सगळं क्लाउडवर न्या, स्वतःचं घर सांभाळत बसण्यापेक्षा भाड्याचं बरं' असं म्हणतच. हिशेबप्रमुखांनी वाचलंय की मोठमोठ्या कंपन्या क्लाउड सोडून परत येताहेत. तिसरीकडे एक विक्रेता 'पुढचा काळ एआयचा, जीपीयू (एआयची आकडेमोड करणाऱ्या चिप) असलेले सर्व्हर आत्ताच घेऊन ठेवा' म्हणून मागे लागलाय. बाईंकडे पाच वर्षांचा आराखडा मागितलाय. त्या विचारतात: पुढची दिशा नेमकी कोणती? अंदाज चुकला तर खापर माझ्यावर फुटेल, त्याचं काय? खोली बंद झाली तर माझ्या माणसांनी जायचं कुठे? आणि ता. क.: या वयात क्लाउडचं सर्टिफिकेट करण्यात काही अर्थ आहे का?

तुमच्या पत्रातल्या तिघांकडेही उत्तर तयार आहे. तुमच्याकडे ते नाही, आणि त्याचा तुम्हाला कमीपणा वाटतोय. मला मात्र चौघांत तुम्हीच जास्त भानावर वाटता. त्या तिघांची उत्तरं खोटी नाहीत, पण ती दुसऱ्या कुणाच्या तरी प्रश्नाची आहेत.

संचालकांच्या परिषदेत बहुधा नेटफ्लिक्सचं नाव निघालं असेल. अशा व्यासपीठांवर ते निघतंच. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांच्या स्वतःच्या डेटा सेंटरमधला डेटाबेस बिघडला, तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत, आणि त्यांनी क्लाउडवर जायचं ठरवलं. इथवर सगळे सांगतात. ते स्थलांतर पूर्ण व्हायला जानेवारी २०१६ उजाडला, हे सांगताना आवाज खाली येतो. सात वर्षांत त्यांनी जुन्या मशीन उचलून तिकडे ठेवल्या नाहीत, जवळजवळ सगळं नव्याने लिहून काढलं. आणि आपण प्रत्यक्ष जो व्हिडिओ बघतो तो आजही नेटफ्लिक्सच्या स्वतःच्याच सर्व्हरवरून येतो. हे सर्व्हर इंटरनेट पुरवठादारांच्या जागेत नेऊन ठेवलेले असतात. म्हणजे 'सगळं क्लाउडवर' गेलेल्या या कंपनीचं सगळ्यात वजनदार काम क्लाउडवर नाहीच.

हिशेबप्रमुखांची गोष्टही अशीच अर्धी आहे. ड्रॉपबॉक्सने ग्राहकांच्या बहुतेक फायली स्वतःच्या यंत्रणेवर आणल्या आणि दोन वर्षांत सुमारे ७.५ कोटी डॉलर वाचले, असं २०१८ मध्ये शेअर बाजारात येताना सादर केलेल्या कागदपत्रांत लिहिलं. ३७सिग्नल्स या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचं २०२२ चं क्लाउडचं बिल ३२ लाख डॉलर होतं. त्यांनी सुमारे ७ लाख डॉलरचे सर्व्हर घेतले आणि २०२३ मध्ये आपली ॲप्लिकेशन्स क्लाउडवरून उतरवली. दोन्ही उदाहरणं खरी. पण फायली साठवणं हाच ड्रॉपबॉक्सचा धंदा. ३७सिग्नल्सचा भार वर्षभर जवळपास सारखा, कसलेली माणसं आधीपासून पदरी, आणि सर्व्हर ठेवले ते डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या कपाटांत. स्वतःच्या इमारतीत एसी आणि यूपीएस सांभाळायला तेही परतले नाहीत. तुमच्या हिशेबप्रमुखांना वाटतंय की त्यांनी वाचलेली बातमी तुमच्या खोलीच्या बाजूने आहे. ती तशी नाही.

आता संचालकांच्या भाड्याच्या घराबद्दल. ही उपमा इतकी रुळली आहे की तिच्यातली गोम दिसेनाशी झाली. भाड्याच्या घरात दार उघडल्यावर मीटर पडत नाही, आणि घरातली वस्तू बाहेर नेली म्हणून मालक वजन करून पैसे मागत नाही. क्लाउडवर डेटा आत न्यायला सहसा पैसे पडत नाहीत, बाहेर काढायला पडतात. पूर्णपणे सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी हे शुल्क २०२४ च्या सुरुवातीला आधी गुगलने आणि मग ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्टने माफ केलं. युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून १२ जानेवारी २०२७ नंतर पुरवठादार बदलण्याचं शुल्क तिथे घेताच येणार नाही. दिशा चांगली आहे. पण ही सूट निघून जाणाऱ्यांना आहे, राहणाऱ्यांना नाही. तुमचे लोक रोज मोठमोठ्या फायली क्लाउडवरून ऑफिसात ओढत असतील, तर ते बिल दर महिन्याला येतच राहणार.

मला या तिघांपेक्षा तुमच्या प्रश्नातल्या एका गोष्टीशी जास्त झगडावंसं वाटतं. 'दिशा कोणती' असं विचारताना तुम्ही धरून चालला आहात की प्रश्न जागेचा आहे: यंत्र आपल्या खोलीत की दुसऱ्याच्या इमारतीत. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची जी व्याख्या केली, तिच्यात पाच लक्षणं आहेत: हवं तेव्हा स्वतःच घेता येणं, नेटवर्कवरून कुठूनही वापरता येणं, साधनं अनेकांत वाटून वापरणं, गरजेनुसार चटकन वाढणं-आटणं, आणि वापराची मोजदाद. दुसऱ्याची इमारत त्या यादीत नाही. उलट खासगी क्लाउड, म्हणजे एकाच संस्थेसाठी चालणारा, हा त्याच व्याख्येतल्या चार प्रकारांपैकी एक आहे. मग तुमची खोली तपासायची ती या कसोटीवर. नवा सर्व्हर हवा असेल तर तुमच्याकडे किती दिवस लागतात? कोणता विभाग किती साधनं खातो, हे तुम्ही सांगू शकता का? एखादी मशीन कशी बसवली होती हे कुठे लिहिलेलं आहे, की एकाच सहकाऱ्याच्या डोक्यात आहे?

दिशाच विचाराल तर माझ्या मते ती इथे आहे. संस्था हळूहळू एका ठिकाणाऐवजी तीनचार ठिकाणी कामं ठेवू लागल्या आहेत, आणि सगळ्या ठिकाणी चालवण्याची रीत मात्र एकच ठेवू पाहताहेत. मशीन, नेटवर्क, परवानग्या हे सगळं फायलीत लिहायचं, ती फाइल चालवली की रचना उभी राहिली पाहिजे. कंटेनर (ॲप्लिकेशन आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली पेटी), फायलीवरून रचना उभी करणारं टेराफॉर्म किंवा त्याचा मुक्त भाऊ ओपनटोफू, ही सगळी त्यातलीच हत्यारं. ढीगभर कंटेनर सांभाळणारं कुबरनेटीजही त्यातलंच, पण त्यापासून तुम्ही लांब राहा. २०१४ मध्ये गुगलने ते खुलं केलं तेव्हापासून ते आधुनिकपणाची खूण झालंय. तीनशे माणसांच्या संस्थेत चार जणांनी ते स्वतः सांभाळायचं म्हणजे ज्या कामासाठी ते आणलं त्यापेक्षा तेच मोठं काम होऊन बसतं.

दुसरी गृहीत गोष्ट पाच वर्षांची. हाच आराखडा कुणी २०२१ मध्ये लिहिला असता तर त्यात काय नसतं पाहा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि जीपीयूचा बाजार उलटापालटा झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरची कंपनी विकत घेतली, आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबून सबस्क्रिप्शन उरलं. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मचा परवाना बदलला. हे कुणालाच अंदाजात धरता आलं नसतं. त्यामुळे संचालकांना भविष्य सांगायला जाऊ नका. त्यांना सांगा की पहिल्या दीड वर्षात काय करणार हे नक्की लिहिते, त्यापुढचं 'अमुक घडलं तर तमुक' असं लिहिते. आणि प्रत्येक निर्णयासमोर एक रकाना ठेवा: हा फिरवायचा झाला तर किती महिने आणि किती पैसे लागतील? पाच वर्षांच्या आराखड्यातला सगळ्यात उपयोगी रकाना हाच, आणि तो भरताना विक्रेते गप्प होतात.

मग प्रत्यक्ष काय करायचं? आधी यादी. चालू असलेली प्रत्येक मशीन, तिच्यावर काय आहे, ते कोण वापरतं, शेवटचं कधी वापरलं. यात तुम्हाला निदान काही मशीन अशा सापडतील ज्या कुणाच्याच नाहीत: संपलेल्या प्रकल्पाचा सर्व्हर, सोडून गेलेल्या माणसाची चाचणी. त्या आधी बंद करा. हे सफाईचं काम वाटेल, पण त्याचा थेट संबंध त्या कोटेशनशी आहे. अशी लायसन्स बहुधा प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात. निकामी मशीन काढल्या, उरलेल्यांना गरजेपुरतीच मेमरी दिली, आणि त्यामुळे एखादा-दोन होस्ट (या आभासी मशीन ज्यांच्यावर चालतात ते प्रत्यक्ष सर्व्हर) कमी करता आले, तर रिन्युअलचा आकडाच खाली येतो. तीन वर्षांचं रिन्युअल स्वस्त दिसेल. एक वर्षाचा भाव मागा. महाग पडला तरी ते एक वर्ष तुम्ही विचार करायला विकत घेताय. दरम्यान एका जुन्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स किंवा हायपर-व्ही असं दुसरं व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअर बसवून दोन बिनमहत्त्वाच्या मशीन त्यावर हलवून पाहा. पर्याय खरोखर चालतो हे माहीत असलेला ग्राहक वाटाघाटीत वेगळ्याच आवाजात बोलतो.

यादी झाली की एकेका कामाकडे बघा. भार कसा आहे: वर्षभर सपाट, की वर्षातून चार दिवस आभाळाला भिडणारा? सपाट भाराला क्लाउडची ताणली जाण्याची क्षमता लागतच नाही, पण तिचे पैसे मात्र दरात धरलेले असतात. चढउताराच्या भाराला स्वतःचा सर्व्हर म्हणजे चार दिवसांसाठी वर्षभर पोसलेला हत्ती. चाचणीच्या मशीन तर क्लाउडसाठीच जन्मल्यासारख्या: आठवड्याला १६८ तास असतात, कामाचे ४०. उरलेल्या वेळी त्या बंद ठेवल्या तर मशीनचं तासांच्या हिशेबाने येणारं बिल पाव हिश्श्यापेक्षाही कमी. मात्र 'बंद ठेवल्या तर' हे शब्द अधोरेखित करा. क्लाउडवर वाया जाणारा बराचसा पैसा हा रात्री कुणीच बंद न केलेल्या मशीनचा असतो.

मेल, कागदपत्रं, तक्रार नोंदणी, व्हिडिओ बैठक यांत मी फार विचार करणार नाही. ती तयार सेवा म्हणून घ्या. मेल सर्व्हर स्वतः चालवण्यात आता अभिमान वाटावा असं काही उरलेलं नाही. स्पॅमशी आणि पॅचिंगशी (सॉफ्टवेअरच्या सततच्या दुरुस्त्यांशी) रोजची झुंज तेवढी आहे. पण दहा-बारा वर्षं जुनं, मोठा डेटाबेस असलेलं, दिवसभर सारख्या गतीने चालणारं एखादं ॲप्लिकेशन तुमच्याकडे नक्की असेल. ते सगळ्यात शेवटी, आणि कदाचित कधीच नाही. असं ॲप्लिकेशन जसंच्या तसं उचलून क्लाउडवर ठेवलं की पहिल्या बिलाला संचालकांचे डोळे विस्फारतात. कारण साधं आहे. जुन्या सर्व्हरवर आपण वाढीव जागा ठेवलेली असते, तिचे पैसे एकदाच दिलेले असतात. क्लाउडवर त्याच रिकाम्या जागेचे पैसे दर तासाला द्यावे लागतात.

आणि खर्च कमी होणं हे दरवेळी जागा बदलण्यानेच होतं असंही नाही. ॲमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओच्या एका गटाने २०२३ मध्ये लिहिलं होतं की व्हिडिओची गुणवत्ता तपासणारी त्यांची यंत्रणा सर्व्हरलेस, म्हणजे गरज पडेल तेव्हाच चालणाऱ्या, छोट्या तुकड्यांत विभागलेली होती. ती एकाच प्रक्रियेत गोळा केल्यावर खर्च ९० टक्के घटला. क्लाउड तोच, मालकही तोच, मांडणी तेवढी बदलली.

हिशेबप्रमुखांशी बोलताना तुलनेचा तक्ता तुम्हीच करा, त्यांना करू देऊ नका. स्वतःच्या बाजूला सर्व्हरची किंमत आणि घसारा सगळेच लिहितात. वीज, एसी, यूपीएसच्या बॅटऱ्या, देखभाल करार, लायसन्स आणि रात्री येणाऱ्या फोनला उत्तर देणारा माणूस हेही लिहा. क्लाउडच्या बाजूला मशीनचं भाडं सगळेच लिहितात. साठवण, बाहेर जाणारा डेटा, सपोर्ट योजना, मॉनिटरिंगच्या नोंदी, आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा खर्च, म्हणजे स्थलांतर चालू असताना दोन्ही ठिकाणी एकाच वेळी भरायचे पैसे, तेही लिहा. हा दुहेरी काळ ठरवल्यापेक्षा लांबतोच. आणि भरघोस सवलतीच्या मोहाने पहिल्याच महिन्यात तीन वर्षांची बांधिलकी करू नका. निदान तीन-चार महिन्यांची बिलं हातात येऊ द्या.

खोली आणि क्लाउड यांच्या मधला एक पर्याय तुमच्या पत्रात नाही, आणि तुमच्यासारख्या संस्थांना तो बरेचदा बसतो. सर्व्हर आपले, पण ठेवायचे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये, रॅकचं भाडं देऊन. वीज, थंडावा, आग विझवण्याची सोय त्यांची डोकेदुखी. संचालकांची 'खोली बंद करा' ही इच्छाही त्यात पुरी होते. नाहीतरी त्यांना क्लाउडपेक्षा त्या खोलीचाच जास्त त्रास असावा, अशी मला शंका आहे. विचारून पाहा.

'क्लाउडवर सुरक्षित असतं' आणि 'आपल्याकडे सुरक्षित असतं' ही दोन्ही वाक्यं बैठकीत कुणी म्हटली की माझ्यातर्फे चार घटना सांगा. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळालं. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांच्यापैकी काहींचा दोन्हीकडचा डेटा गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरीतून आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचं, स्वतः सरकारनेच चालवलेलं, ८५८ टेराबाइटचं भांडार नष्ट झालं. बाहेर दुसरी प्रत नव्हती. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्ती निधीची गुगल क्लाउडवरची एक खासगी यंत्रणा चुकीच्या सेटिंगमुळे पुसली गेली. निभावलं ते त्या यंत्रणेबाहेर ठेवलेल्या बॅकअपमुळे. आणि २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या यंत्रणेत डीएनएसचा (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेचा) घोटाळा झाला तेव्हा जगभरच्या असंख्य सेवा तासन्‌तास अडखळल्या. एक प्रत वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या खात्यात, शक्य तर वेगळ्या पुरवठादाराकडे असायला हवी. या एका कामासाठी आराखडा मंजूर व्हायची वाट बघू नका. आणि बॅकअप 'होतोय' यावर समाधान मानू नका. एक मशीन कोऱ्या जागी रिस्टोर करून, किती तास लागले ते लिहून ठेवा.

डेटा कोणत्या देशात ठेवायचा याबद्दल थोडक्यात. तुमच्या क्षेत्राचे नियम आधी वाचा, शक्यतो वकिलासोबत. डेटा सेंटर कुठल्या भूमीवर आहे आणि पुरवठादार कोणत्या देशाच्या कायद्याखाली येतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड ॲक्टनुसार तिथल्या कंपन्यांकडून डेटा मागता येतो, तो जगात कुठेही साठवलेला असो. संवेदनशील माहिती असेल तर एन्क्रिप्शनच्या किल्ल्या स्वतःच्या हातात ठेवण्याचा पर्याय विचारा.

जीपीयूवाल्या विक्रेत्याला मी सध्या नम्रपणे चहाशिवायच निरोप देईन. सर्वसाधारण सर्व्हर रूममधला रॅक ५ ते १० किलोवॅटच्या हिशेबाने बांधलेला असतो. एनव्हिडियाचा आठ जीपीयूंचा एक डीजीएक्स एच१०० सर्व्हर एकटाच १०.२ किलोवॅटपर्यंत वीज खातो. त्यांच्या २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ७२ जीपीयूंच्या रॅकची भूक १२० किलोवॅटच्या आसपास आहे, आणि त्याला थंड ठेवायला हवा पुरत नाही, द्रव फिरवावा लागतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, जगाच्या वापराच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ च्या घरात जाईल असं ती म्हणते. म्हणजे येत्या काळात डेटा सेंटर कुठे उभं राहणार हे ठरवणारी गोष्ट वीज असेल, आणि त्या शर्यतीत तुमच्या खोलीने उतरायचं काहीच कारण नाही. तुमच्याकडे एआयचं नेमकं काम काय आहे, हे विक्रेत्याने विचारलं का? विचारलं नसेल, तर विकायचं आधीच ठरलेलं होतं. काम सापडलं तर जीपीयू तासावर भाड्याने घ्या, दोन-तीन महिने वापर मोजा. लहान मॉडेल आता एखाद्या बऱ्या वर्कस्टेशनवरही चालतात. कागदपत्रं बाहेर पाठवायचीच नसतील तर तो मार्ग पुढे खुला आहे. कामाविना घेतलेला जीपीयू मात्र धूळ खात पडून राहतो आणि त्याची किंमत दर नव्या पिढीसोबत घसरते.

आता तुमच्या माणसांबद्दल. पत्रात हा प्रश्न तुम्ही एका ओळीत उरकलाय, पण मला वाटतं खरी घालमेल इथेच आहे. खोली वाचवली तर माणसं वाचतील, असं तुमचं मन कुठेतरी धरून चाललंय. त्यामुळे क्लाउडच्या प्रत्येक मुद्द्यात तुम्हाला खोट दिसणार आणि संचालकांना तुमचा विरोध दिसणार. हे चौघं दिवसभर करतात काय, तेही लिहून काढा. डिस्क बदलणं आणि एसीच्या तक्रारी यांत किती वेळ जातो. परवानग्या, नेटवर्क, बॅकअप, अडलेल्या माणसाला मदत यांत किती? दुसऱ्या भागातलं काहीही क्लाउडवर गेल्याने संपत नाही. पुरवठादार इमारत आणि यंत्रं सांभाळतो. कुणाला कोणतं दार उघडं ठेवायचं, ही जबाबदारी ग्राहकाचीच राहते. २०१९ मध्ये कॅपिटल वन बँकेच्या सुमारे १०.६ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली ती क्लाउडवरूनच, आणि ग्राहकाच्या बाजूच्या चुकीच्या सेटिंगमधून.

तेव्हा प्रस्तावातच माणसांचं पान घाला. एकाकडे दर महिन्याचं बिल वाचणं आणि नको ते बंद करणं, एकाकडे खाती आणि परवानग्या, एकाकडे बॅकअप आणि रिस्टोरच्या चाचण्या, एकाकडे उरलेली खोली आणि नेटवर्क. शिकण्यासाठी आठवड्यातला ठरावीक वेळ, कामाच्या तासांत. रात्री घरी जाऊन शिकतील असं गृहीत धरलेलं स्थलांतर फसतं. आणि संचालकांना एक प्रश्न आत्ताच, स्पष्ट विचारा: हे काम बाहेरच्या कंपनीकडे देण्याचा विचार आहे का? उत्तर 'हो' असेल तर तुमच्या माणसांना ते नऊ महिन्यांनी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. 'नाही' असेल तर तेवढं मेलवर मागून घ्या.

खापराच्या भीतीवरही औषध लिखाणातच आहे. एकच शिफारस घेऊन जाऊ नका. दोन-तीन पर्याय, प्रत्येकाचा खर्च, धोका, आणि फिरवण्याची किंमत असं मांडा. तुमचं मत त्यात ठळक असू द्या, पण निवड संचालकांची आणि हिशेबप्रमुखांची, सहीनिशी. त्या दिवशी काय माहीत होतं आणि काय गृहीत धरलं होतं, तेही एका पानावर. दोन वर्षांनी परिस्थिती बदलली की लोकांना फक्त निर्णय आठवतो, तेव्हाची माहिती आठवत नाही. तुम्हाला ढाल म्हणून हे पान कामी येईलच, पण पुढच्या फेरीत निर्णय का बदलायचा हेही त्याच पानावरून कळेल.

उरला ता. क. सर्टिफिकेट करायला वय आड येत नाही, पण घाईही नको. ॲमेझॉनची प्रमाणपत्रं तीन वर्षांनी आणि मायक्रोसॉफ्टची कामाच्या भूमिकेनुसार दिली जाणारी दर वर्षी नव्याने सिद्ध करावी लागतात. हातात काम नसताना केलं तर कागद उरतो आणि शिकलेलं उडून जातं. पुरवठादार नक्की झाल्यावर पहिलं प्रमाणपत्र तुमच्या चौघांपैकी कुणाला तरी, संस्थेच्या खर्चाने करू द्या. तुम्ही इतकी वर्षं सबनेट, डीएनएस, फायरवॉल आणि परवानग्या यांच्याशी झगडत आलात, ते सगळं तिथेही तसंच लागतं. फक्त बटणं वेगळ्या जागी आहेत. तोवर स्वतःसाठी एक चाचणीचं खातं उघडा. उघडल्यावर सगळ्यात आधी मुख्य खात्याला दुहेरी पडताळणी लावा आणि मग खर्चाची सूचना. ही सूचना इशारा देते, खर्च आपोआप थांबवत नाही, त्यामुळे मर्यादा कमीच ठेवा आणि सूचनेचा मेल जिथे तुम्ही खरोखर बघता त्या पत्त्यावर घ्या.